ओळ एक्केचाळीस

“परत एक्केचाळीस!” अण्णा आपल्या केबिनमधून ओरडले, आणि ऑफिसातल्या सगळ्यांनी विजयाक्कांकडे बघून आपापली कामं बाजूला सारली. भजी येणार होती.

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरच्या त्या छोट्या कारखान्यात मला लागून दुसराच आठवडा होता. आम्ही नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागांना जोडायचे कंट्रोलर बनवायचो आणि चादरवाल्यांना नक्षीच्या फाइलीही करून द्यायचो. नक्षी काढायची नाही, लिहायची. त्यासाठी येलदी सरांनी एक छोटीशी भाषा तयार केली होती. लिहिलेलं तपासून मागाला कळेल असं करून देणारा कंपायलरही त्यांचाच. लिहिण्यात काही चुकलं की कंपायलर अडायचा आणि पडद्यावर चुकीचा पत्ता दाखवायचा: अमुक फाइल, अमुक ओळ.

कारखान्याचा नियम असा, की ज्याच्या फाइलचा पत्ता येईल त्याने गेटावरच्या टपरीतून सगळ्यांना भजी आणवायची. नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, पण तो पाळण्यात कुणाची कुचराई नसायची. भज्यांच्या बाबतीत आमच्याइतके शिस्तीचे लोक मी पुढे कुठेही पाहिले नाहीत.

“विजया, तुझ्या कमळाला काय धाड भरलीय?” अण्णा बाहेर आले. अंबादास गुर्रम म्हणजे कारखान्याचे मालक. सगळे त्यांना अण्णा म्हणत. “गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय आणि तुझं एक्केचाळीस काय संपंना.”

“बघते की ओ,” विजयाक्का म्हणाल्या. “ओरडू नका. ओरडून फूल उमलत नसतंय.”

विजयाक्का, म्हणजे विजयलक्ष्मी गाजूल, आमच्याकडच्या सगळ्या फुलापानांच्या मालकीण. कमळ, कोयरी, वेल, मोर, सगळं त्यांनी एकेकदा लिहून ठेवलेलं. मांडणी करणाऱ्याने फक्त ‘कमळ’ असं लिहायचं आणि किती जागेत बसवायचं ते सांगायचं. कंपायलर आक्कांच्या फाइलमधलं अख्खं कमळ उचलून तिथे आणून ओतायचा. पुस्तकात याला मॅक्रो म्हणतात. आमच्याकडे ठसा म्हणत. कपडा छापणाऱ्याच्या लाकडी ठशासारखा एकदा कोरला की हवा तिथे उठवता येतो, म्हणून ठसा. आणि मांडणी करायचे खुद्द अण्णा, कारण गिऱ्हाइकाशी बोलणं त्यांचंच.

आक्कांनी भजी सांगितली, खुर्ची ओढली, फाइल उघडली, काहीतरी टकटक केलं आणि म्हणाल्या, “बघा आता.” अण्णांनी पुन्हा चालवून बघितलं. कंपायलर गुमान पुढे गेला.

“बघ,” अण्णा मला म्हणाले, “तिच्यातच निघालं, तिच्यातच मिटलं.”

भजी झकास होती. पण मला पहिल्यापासून एक खोड आहे. मिटलेली भानगड मला उघड्या भानगडीपेक्षा जास्त छळते. तीच ओळ पुन्हा पुन्हा कशी चुकेल? एकदा दुरुस्त केली की केली.

त्या रविवारी आईने उन्हात घालायला पेटीतून अंथरुणं काढली. त्यात आमची जुनी निळी चादर होती. मी ती झटकली आणि झटकता झटकता थांबले. काठावरचं कमळ आमच्याच कारखान्याचं होतं. मधला देठ, आतली कळी, सगळी ठेवण तीच. पण या कमळाला खाली दोन्ही बाजूंनी पसरलेल्या मोठ्या पाकळ्या होत्या, आणि त्यांच्या मागे टोकं वर वळलेल्या आणखी दोन. ऑफिसात मी रोज बघत होते ते कमळ याच्यापुढे आजारातून उठल्यासारखं दिसायचं.

सोमवारी मी चादर पिशवीत घालून नेली आणि आक्कांच्या टेबलावर पसरली.

“आक्का, हे कमळ तुमचंच ना?”

त्यांनी चादरीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. “माझंच. मग?”

“मग आताच्या कमळाच्या पाकळ्या कुठे गेल्या?”

“काय बघलालीस तू? काम नाही का तुला?” त्यांनी चादरीची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. “जुनं ते जुनं. ठेव पिशवीत.”

घडी पिशवीत जायच्या आत अण्णा आले. त्यांनी चादर उलगडली आणि काठावरून बोट फिरवलं.

“हे बघ! याला म्हणतात कमळ. यावर आपलं नाव झालं होतं विजया, आठवतंय? आताचं गिऱ्हाईक मला विचारतंय, अण्णा, हे कमळ आहे का मुळ्याचं फूल.” ते हसले नाहीत. “मी तुला आधी सांगणार होतो. पुढच्या सोमवारी सुरतेची पार्टी येतीय. त्यांच्याकडे तयार ठसे आहेत, ढिगानं. एकदा घेतले की झालं.”

“आणि माझं टेबल?” आक्कांनी विचारलं.

अण्णांनी चादरीची घडी घालायचा प्रयत्न केला. त्यांना ती जमली नाही. “बघू,” म्हणाले, “पण रोज एक्केचाळीस परवडत नाही गं मला.”

ते गेल्यावर आक्कांनी चादरीची घडी पुन्हा नीट घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली. त्यांनी अण्णांबरोबर हा कारखाना एका पत्र्याच्या खोलीत सुरू झालेला पाहिला होता. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं की चादर मीच आणली होती. पण माझ्या डोक्यातला किडा काही गप्प बसेना. पाकळ्या गेल्या कुठे, आणि एक्केचाळीस जात का नाही? दोन प्रश्न होते आणि दोन्हींना कमळच चिकटलेलं होतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी स्वतःच एक चिमुकली मांडणी लिहिली. त्यात एकच कमळ, ऐसपैस जागेत. कंपायलर बिनतक्रार पुढे गेला. मग जागा थोडी कमी केली. गेला. आणखी कमी केली, आणि कंपायलर अडला.

‘चूक: नक्षी जागेबाहेर. फाइल कमळ, ओळ ४१.’

मी आक्कांच्या फाइलमधली ती ओळ काढून वाचली. ‘सगळं फूल दिलेल्या जागेत बसव.’ बस्स, एवढंच. त्या ओळीत चुकायला जागाच नव्हती. किती जागा ते ती ओळ ठरवत नव्हती. ते ठरवलं होतं मी, माझ्या मांडणीत, मुद्दाम. चूक माझी आणि पत्ता विजयाक्कांचा!

मी डबा तसाच टाकून येलदी सरांकडे धावले.

मनोहर येलदी सर तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन आमच्याकडे बसायचे. पगार घेत नसत, पण दुपारच्या चहाला उशीर झालेला त्यांना खपत नसे. मी पडदा त्यांच्याकडे वळवला. ते चष्मा कपाळावर चढवून वाचायला लागले, आणि मला वाटलं, आपण त्यांच्या लेकराला नाव ठेवलं, आता काही खरं नाही.

“अरेच्चा,” सर म्हणाले. “हे लबाड आहे की.”

“कोण सर?”

“माझा कंपायलर. नाही, लबाड नाही, बावळट आहे.” त्यांचा चेहरा एकदम उजळला होता. “मी काय केलं होतं माहितीय? प्रत्येक वाक्याच्या कपाळावर त्याचा पत्ता लिहून ठेवायचा, म्हणजे कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत ते लिहिलं गेलं. मग ठसा उठवला की ते वाक्य दुसरीकडे जातं. पण कपाळ तेच!”

“म्हणजे कमळ अण्णांच्या मांडणीत जाऊन अडलं...”

“तरी पत्ता सांगणार विजयाच्या घरचा. चालव चालव, आणखी चालव. कोयरी टाक बघू कमी जागेत.”

कोयरी टाकली. कोयरीची ओळ आली. मोर टाकला. मोराची आली. सर प्रत्येक वेळी टेबलावर थाप मारत होते. इतकी वर्षं आपण काय चुकवत होतो हे कळल्यावर एखादा माणूस खजील झाला असता. सर खूश झाले होते.

“मग सोपं आहे,” मी म्हणाले. “ठसा जिथे उठवला तिथला पत्ता द्यायचा.”

“कर,” सर म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला.

मला दोन दिवस लागले. ठशातून आलेल्या प्रत्येक वाक्याचा पत्ता पुसायचा आणि बोलावणाऱ्या ओळीचा लिहायचा. मोठ्या ऐटीत मी सरांना दाखवलं. कमी जागेतलं कमळ टाकलं आणि पत्ता आला माझ्या मांडणीचा. मी सरांकडे बघितलं. सरांनी आक्कांच्या फाइलची एक प्रत घेतली, तिच्यात पाकळीच्या ओळीतला एक कंस मुद्दाम खाऊन टाकला, आणि म्हणाले, “आता चालव.”

पत्ता आला माझ्या मांडणीचा. मांडणीत तर काहीच चुकलं नव्हतं.

“छान,” सर म्हणाले. “आतापर्यंत विजया मरत होती, आता अण्णा मरेल. घोडं बदललंस, ओझं तेच.”

माझा चेहरा पडला. गुरुवार उजाडला होता, सोमवारी सुरतेची पार्टी. सर चहात बिस्कीट बुडवत बसले. बिस्किटाचा तुकडा चहात पडला, तो त्यांनी चमच्याने काढला, आणि मग सहज म्हणाले,

“माझी थोरली लेक लातूरला दिलीय. परवा तिला कुणीतरी विचारलं, कुठली गं तू? ती म्हणाली, सोलापूरची, लातूरला दिलेली. एक गाव सांगून तिचं भागत नाही.”

मी पडदा पुन्हा माझ्याकडे ओढला.

“दोन्ही पत्ते,” मी म्हणाले. “पहिला पुसायचाच नाही. कुठे लिहिलं तेही ठेवायचं आणि कुठे बोलावलं तेही.”

“आणि कमळाच्या आत कळीचा ठसा असेल तर?”

“मग तीन. साखळीच ठेवायची सगळी.”

“आणि जागेचा आकडा? तो कुणी दिला?”

“तोही आपला पत्ता घेऊनच आत जाईल!” मी जवळजवळ ओरडलेच. आक्कांनी मान वर करून बघितलं. आम्ही दोघं चोरी करताना पकडले गेल्यासारखे गप्प झालो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ते झालं. कंपायलर थोडा हळू झाला, आणि सरांना त्याचं वाईट वाटलं. “म्हातारा झाला की तोही जरा आठवून आठवून बोलणार,” म्हणाले. पण आता तो सगळं बोलत होता.

सोमवारी सकाळी मी नवीन कंपायलर माझ्या संगणकावर घालत होते. अण्णांकडे अजून जुनाच होता. सुरतेची पार्टी दुपारी येणार होती. त्याआधी अण्णांना एक मोठी ऑर्डर उरकायची होती. एका नव्या गिऱ्हाइकाला आपलं नाव काठावर विणून हवं होतं, मोठ्या अक्षरांत.

“परत एक्केचाळीस!” केबिनमधून आवाज आला. यावेळी त्यात राग नव्हता, कंटाळा होता. तो जास्त वाईट होता. भज्यांचं नाव कुणी काढलं नाही.

विजयाक्कांनी फाइल उघडली. मी त्यांना थांबवायला गेले आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तेव्हा पहिल्यांदा मला दिसलं त्या काय करत होत्या.

आमच्या भाषेत एखाद्या ओळीच्या सुरुवातीला चांदणी टाकली की कंपायलर ती ओळ वाचतच नाही, सोडून पुढे जातो. आक्कांच्या कमळात चांदण्याच चांदण्या होत्या. ‘डावी मोठी पाकळी’, तिच्यापुढे चांदणी. ‘उजवी मोठी पाकळी’, चांदणी. ‘मागची वळलेली’, चांदणी. आणि आता आक्कांचा कर्सर आतल्या, उरलेल्या पाकळीच्या ओळीवर येऊन थांबला होता.

“आक्का, हे तुम्ही...?”

“मग काय करू?” त्या वळल्या नाहीत. “ते म्हणतंय तुझी ओळ चुकली. मी शंभर वेळा वाचली. मला चूक दिसत नाही. पण एक पाकळी झाकली की ते गप बसतंय. म्हणजे पाकळीच वाईट असणार की. मला कळत नसेल आता. वय झालं असेल.”

कमळ अरुंद झालं की कमी जागेत बसायचं, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी तक्रार मिटायची. ‘तिच्यातच निघालं, तिच्यातच मिटलं.’ चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या प्रत्येक तक्रारीला आक्कांनी आपल्या फुलाची एक पाकळी दिली होती. आणि त्याच रोडावलेल्या फुलावरून अण्णा आता त्यांना काढायला निघाले होते.

“चांदणी टाकू नका,” मी म्हणाले. “आधी माझ्याकडे चालवून बघू. सरांनी आणि मी कंपायलर बदललाय. तो आता नीट पत्ता सांगतो.”

आक्का वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत होता. “आणि माझीच चूक निघाली तर झाकशील होय? दया म्हणून?”

“नाही.”

“झाकायचं नाही. माझी असेल तर माझी म्हणून दिसू दे. सगळ्यांसमोर दिसू दे. पण माझी असेल तरच.” आणि त्यांनी स्वतःच हाक मारली, “अण्णा! इकडं या जरा!”

अण्णा आले. येलदी सर कप घेऊनच आले. मी अण्णांची मांडणी माझ्याकडे घेतली आणि चालवली. कंपायलर आठवून आठवून पुढे गेला, आणि अडला. पडदा भरला.

“वाच,” आक्का म्हणाल्या.

“मीच वाचतो,” अण्णांनी चष्मा लावला. “नक्षी जागेबाहेर. फाइल कमळ, ओळ एक्केचाळीस.” त्यांनी आक्कांकडे बघितलं. “तेच की!”

“पुढे वाचा,” सर म्हणाले. “पूर्वी ते इथंच थांबायचं.”

“हे कमळ बोलावलं: फाइल मांडणी, ओळ सतरा. जागा दिली...” अण्णांचा आवाज हळू झाला. “जागा दिली: फाइल मांडणी, ओळ नऊ.” ते थांबले. “मांडणी म्हणजे माझी.”

“ओळ नऊ काय आहे?” सरांनी भाबडेपणानं विचारलं. त्यांना चांगलं माहीत होतं.

मी ओळ नऊ उघडली. तिथे अण्णांनी लिहिलं होतं: काठाच्या रुंदीतून नावाची पट्टी वजा, उरेल ते कमळाला.

प्रत्येक गिऱ्हाईक म्हणायचं, नाव जरा मोठं करा. अण्णा करायचे. गिऱ्हाइकाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. काठ तेवढाच राहायचा. नाव वाढत गेलं आणि कमळ रोडावत गेलं.

“पण ही दरवेळी दुरुस्त करायची, आणि ते चालायचं...” अण्णा म्हणाले. “विजया, तू काय दुरुस्त करायचीस?”

आक्कांनी आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. अण्णांनी चांदण्या बघितल्या. एकेका चांदणीवर बोट ठेवत ते पाकळ्यांची नावं वाचत खाली आले. जुन्या चादरीवरून फिरवलं होतं तसंच ते बोट होतं.

“खोडल्या नाहीस?” त्यांनी विचारलं.

“जीव झाला नाही,” आक्का म्हणाल्या. “झाकून ठेवल्या. बऱ्या होतील म्हटलं कधीतरी.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला, पुन्हा काढला. मग तिथूनच फोन लावला. “हां, नमस्ते शेठ. चहाला जरूर या. फुलं नका आणू. आमच्याकडं आहेत.” फोन ठेवून त्यांनी कुणाकडेही न बघता चपला पायात सरकवल्या.

“कुठं निघालात?” सरांनी विचारलं.

“कुठं म्हणजे? ओळ नऊ कुणाची? नियम म्हणजे नियम.” आणि कारखान्याचा मालक स्वतः गेटाकडे भजी आणायला चालू लागला.

आक्कांनी खुर्ची पुढे ओढली. पहिली चांदणी काढली. मग दुसरी. डावी मोठी, उजवी मोठी, मागच्या वळलेल्या. त्या घाई करत नव्हत्या. मी अण्णांच्या मांडणीत नावाची पट्टी निम्म्यावर आणली आणि विचारलं, “चालवू?”

“चालव.”

कंपायलर निघाला, आणि अडला. आक्का पडद्यावर वाकल्या.

‘चूक: जांभळा हा रंग नाही. फाइल कमळ, ओळ २३. हे कमळ बोलावलं: फाइल मांडणी, ओळ १७.’

“तेवीस,” मी पुटपुटले. “आक्का, थांबा, हे कदाचित...”

“काय कदाचित?” आक्का म्हणाल्या. “मागची पाकळी जांभळ्या टोकाची आहे. पाकळ्या झाकल्यावर तो रंग कुठंच लागेना, म्हणून रंगांच्या यादीतून काढून टाकला. कुणी? मी! माझ्या हातानं!” आणि त्या हसायला लागल्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं, डोळे पुसत, टेबलाला धरून. “अगं, ही माझी आहे. खरीखुरी माझी!”

त्या उठल्या, खिडकीशी गेल्या, आणि गेटाजवळ पोचलेल्या अण्णांना अख्ख्या एमआयडीसीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“अण्णा! माझ्या नावाची पण सांगा!”